किल्ल्यापुढची बंडी

खुशीनं वर्षभरात अख्खं अकोला कॅमेऱ्यात धरलं होतं. श्रावण सोमवारी राजेश्वराला निघालेल्या कावडी झाल्या, होळी झाली, मे महिन्याच्या उन्हात एसटीखाली सावली धरून झोपलेलं कुत्रंसुद्धा झालं. छापखानेवाल्या गजेंद्रभाऊंना कॅलेंडरसाठी बारा फोटो हवे होते. अकरा झाले होते. राहिला होता एकच, तोही घरचाच: असदगड किल्ल्याच्या बुरुजापुढून जाणारी शेषरावकाकांची बैलबंडी.

घरचा होता म्हणूनच राहिला होता. बाकी सगळ्यांचे टेम्पो आले, तरी काकांची मेथी आणि भेंडी अजून बंडीतूनच बाजारात यायची, रोज त्याच बुरुजाखालून. रोजचंच आहे, काढू कधीही, असं म्हणता म्हणता मुदतीचा दिवस उजाडला. दुपारी एकपर्यंत फोटो आला नाही, तर गजेंद्रभाऊ त्या पानावर स्वतःच्या छापखान्याच्या उद्घाटनाचा फोटो टाकणार होते. फीत, कात्री आणि चौदा पाहुणे. खुशीच्या नावाचं आयुष्यातलं पहिलं कॅलेंडर, आणि त्याच्या शेवटी ती फीत!

पण पोरगी स्वतःला फार हुशार समजायची. मुदत पोळ्याच्याच दिवशी संपत होती, आणि तिनं महिनाभर आधीच तोच दिवस धरला होता. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, मागे जुना बुरूज. रिकामी बंडी तिनं काकांना सांगून आदल्या सकाळीच किल्ल्याखाली सोडायला लावली होती. आता बैल आणायचे, जुपायचे आणि बटण दाबायचं, एवढंच काम.

बारा वाजता काका आणि मनकर्णाकाकू सजवलेली जोडी घेऊन आले. बैल असे ऐटीत चालत होते, की रस्त्यावरच्या रिक्षा आपणहून बाजूला होत होत्या.

"काका, जुपा लवकर," खुशी म्हणाली. "ऊन चढून राहिलं."

"काय जुपू?"

"बैल."

"पोयाच्या दिवशी?" काकांचा आवाज एकदम चढला. काकूंनी कपाळाला हात लावला.

"काल सांजच्याले खांदे मळले त्याइचे," काका म्हणाले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं तोंडानं म्हनलं. आन आज त्याइच्याच मानेवर जू ठिवू?"

"पाच मिनिटं फक्त, काका. नुसतं उभं..."

"जेवाले बलावलेल्या मानसाले तू पाच मिनिटं भांडे घासाले बसवतं का?"

खुशी शेतकऱ्याच्याच घरची पोर. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे तिला कळत नव्हतं असं नाही. काल संध्याकाळी तूप-हळद लावून एका बैलाचा खांदा हिनंच मळला होता आणि वर त्याचा फोटोही काढला होता! पण महिनाभर तिला नुसती चौकट दिसत होती, चौकटीतले बैल दिसलेच नव्हते. ती बंडीच्या चाकाला टेकून खाली बसली. साडेबारा झाले. तिचे डोळे भरून आले, आणि आपण रडतोय याचा तिला स्वतःचाच राग आला.

पुतणीचं रडणं काकांना पाहवत नसे. त्यांनी जोडीचे कासरे काकूंच्या हातात दिले, टोपी नीट केली, बंडीपुढे गेले आणि जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"तुले बंडी चालतानी पायजे ना? काढ मंग. मी वढतो."

"काका, काहून असं करता?"

"बैलाइले सुट्टी हाय. मले कोनं देल्ली?"

एकटा माणूस बंडी ओढणार कसा? जू एका बाजूला कलंडलं, बंडी हलली आणि सरळ जायच्या ऐवजी काकांना घेऊन गोल फिरली. रस्त्याकडेचा चहावाला हसला. काकूंनी जरा वेळ ते पाहिलं, मग कासरे बैलांच्या पाठीवर टाकून दिले, पदर खोचला आणि जुवाच्या दुसऱ्या टोकाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"तू काहून वं?" काका म्हणाले.

"बत्तीस वर्सं झाले, तुमच्यासंगं वढूनच राहिली. आज फोटोवाली हाय तं मांगं राहू?"

बंडी निघाली. काका घाई करत, काकू ओरडत, "अवो, हळू! शर्यत हाय का?" जोडी कुणी न हाकता शेजारून चालत होती, झूल सावरत, पंगतीला निघालेल्या मानकऱ्यांसारखी. बुरुजापुढे आल्यावर एका बैलानं मान लांब करून काकूंचा पदर तोंडात धरला आणि सावकाश चघळायला सुरुवात केली. काकूंनी आधी त्याला शिवी घातली, मग त्यांना असं हसू फुटलं, की जू खांद्यावरून निसटतं का काय असं झालं. खुशीनं बटण दाबलं. दोनदा, तीनदा, दहादा.

एकला दहा कमी होते. काकांनी बंडी टेकवली, कपाळ पुसलं आणि कॅमेरा मागून घेतला.

"हे काकू हासून राहिली?" त्यांनी विचारलं.

"हो ना."

"कवा?"

"तुमच्या बाजूलेच होती, काका."

"मले कसं दिसन? मी तं समोर पाहून वढत होतो." काकांनी कॅमेरा सावलीत धरला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. "पाह्य बरं. दातबी दिसून राहिले."

"द्या तो डबा पोरीले," काकू लाजून म्हणाल्या. "तिले धाडाचा हाय."

खुशीचा फोन वाजू लागला. गजेंद्रभाऊ. तिनं कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. काकांनी तो सोडला नाही. त्यांची नजर वर उठली नाही, आणि खुशीनंही मग हात मागे घेतला.

"फोटो झाला, भाऊ," ती फोनवर म्हणाली. "पन काकाचं पाहनं झालं नाही."