आडवी केलेली विळी

खाडीची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझी धार जाऊ दे.

मी एक जुनी विळी आहे, पोरांनो. शिरवणे गावची. बाभळीचा पाट, लोखंडी पातं. तुळशीराम खाडीतून मासळी आणायचा आणि त्याची बायको जमुना माझ्या पाटावर पाय दाबून ती कापायची. एकदा एवढी मोठी घोळ कापली, की डोकं शिरवण्यात आणि शेपटी खाडीपल्याड जासईत! बायका म्हणायच्या, "जमुने, विली हाय का तलवार?"

मग तुळशीराम गेला. जमुना गप्पच झाली. वाढलं तर जेवायची, नाहीतर बसून राहायची. मी ओट्याखाली गंजत पडले. वाईट वाटलं का? काहीच वाटलं नाही. लोखंडच मी.

मुलगा निकेश म्हणाला, "मासे आता कापूनच मिलतात. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू ही."



नात रुतिका म्हणाली, "पप्पा, थांबा ना. मला हिचं चित्र काढायचंय."

पाण्याचे रंग घेऊन बसली. काय चित्र काढलं पोरीनं! गंजाचे पापुद्रे, जमुनाच्या पायानं पाटाला पडलेला खळगा, चिकटून सुकलेलं एक खवलं. धारेवरची चमक तर रंगवलीच नाही, तिथं नुसता कोरा कागद सोडला. तरी बोट लावायची भीती वाटावी!

फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं. जमुना समोर बसून बघत राहिली. आणि एकदम कडाडली, "विली उबी कोनी ठेवली गो? कुनाचा पाय कापंल! लेटव आधी!"

काम झालं की विळी आडवी ठेवायची, ही आमची रीत. ती उठली, फ्रेम खिळ्यावरून काढली आणि आडवी करून भिंतीला टेकवली. पातं झोपलं, तेव्हा कुठं बसली.

"आये, ते चित्र हाय," निकेश म्हणाला.

"मंग? धार हाय ना तिला?"

तो फ्रेम सरळ करायला वाकला. रुतिकानं त्याचा हात धरला. "राहू दे पप्पा. आज बोलली ती."

रविवारी भंगारवाला ओरडत आला, ओरडत गेला. जमुनानं मला बाहेर काढलं, पुसलं, खोबरेल चोळलं आणि बसल्या बसल्या टोपलीभर बोंबील कापले.

पोरांनो, जुनी वस्तू टाकायच्या आधी एकदा तिचं चित्र काढा. काढायचं म्हटलं की नीट बघावं लागतं.

बरं, एक कबूल करते. घोळ तेवढीच मोठी होती, त्यात फरक नाही. पण ते बोंबील मी पदरचे घातले. जमुनानं मला तेल लावलं आणि आडवी करून आपल्या शेजारी ठेवलं. एवढंच. मासे अजून कापलेले नाहीत.