करील पहाट, पाहील वाट

“काका, इथे ‘करील पहाट’ ठेवायचं की ‘पाहील वाट’? तेवढं सांगा, म्हणजे मी प्रेसवाल्याला फाइल पाठवते.”

तनुजाने प्रुफाचा कागद दादासाहेबांच्या पुढे सरकवला. मंडळीचे नवे गीतपुस्तक निघणार होते. तनुजा चर्चच्या गायकांत गाते आणि चाकणच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणून टायपिंगचे काम आपसूक तिच्याच गळ्यात पडले होते.

दादासाहेबांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि चष्मा पुन्हा काढला.

“ह्यात इचारायचं काय? पहाट. गाणं माझं हाय.”

“तुमचंच आहे हो. पण सगळी मंडळी ‘पाहील वाट’ म्हणते. मी लहानपणापासून तेच म्हणत आलेय. मला तर तेच मूळ वाटत होतं.”

“समदी मंडळी चुकती,” दादासाहेब म्हणाले.

दादासाहेब पाटोळे मूळचे श्रीरामपूरकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात पंपांचे मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हे गाणे त्यांना एका रातपाळीत, पंप खोलून बसलेले असताना सुचले. पण ‘सुचले’ म्हटलेले त्यांना खपत नसे. दिले, म्हणायचे. पवित्र आत्म्याने दिले, आपण नुसते पुठ्ठ्यावर उतरवून घेतले. त्यामुळे त्यातले अक्षर हलवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मागच्या पाळकांनी एकदा ‘सरेल’च्या जागी ‘सरता’ सुचवले, तर दादासाहेब रुसून कितीतरी रविवार अगदी मागच्या बाकावर बसले. जन्मभर लोकांच्या पंपांचे वॉशर बदलणारा हा माणूस, स्वतःच्या गाण्याची वेलांटी मात्र बदलू देत नसे.

गाण्याचे धृपद असे होते:

चालून थकले पाय, पुढे उभा हा घाट,
रात्र सरेल, प्रभू माझा करील पहाट.

“आन् ही चूक कुनाची, ठावं हाय का तुला?” त्यांनी विचारले.

“काकूंची,” तनुजा हसून म्हणाली. “सगळ्यांना माहीत आहे.”

दादासाहेबांच्या बायकोला, सरूबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हते. पाळीवरून आल्या आल्या नवऱ्याने हे गाणे पहिल्यांदा म्हणून दाखवले, तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या. घर कासारवाडीला, रुळांच्या कडेला. नेमकी शेवटच्या शब्दाला लोणावळ्याची गाडी धडधडत गेली आणि शब्द तिच्याबरोबर गेला. सरूबाईंनी त्या जागी आपल्याला पटला तो बसवला. मात्रा तेवढ्याच, चाल तीच. शिवाय त्यांचा आवाज खणखणीत. घरोघरच्या प्रार्थनांना बायका गाणे त्यांच्याच मागे म्हणायच्या. बघता बघता अख्खी मंडळी ‘पाहील वाट’ म्हणू लागली आणि ‘पहाट’ म्हणणारे एकटे दादासाहेब उरले.

त्यांनी तिला सुधारायचा प्रयत्न केला नाही असे नाही. समजावले, चिडले, एकदा जेवायचे राहिले. बाई ढिम्म.

“अगं, आत्म्यानं मला ‘पहाट’ सांगितलंय,” ते म्हणायचे.

“आत्मा तुमच्यासंगं येकदाच बोलला आन् मंग गप बसला व्हय?” सरूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. “मला मागनं सांगितलं आसंल. आन् कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं ऱ्हातं का? पहाट काय, हुतीच. वाट मातर कुनीतरी बघावी लागती.”

रातपाळी करून दादासाहेब उजाडता उजाडता घरी यायचे, तेव्हा त्या उंबऱ्यावर बसलेल्या असत. चुलीवर चहा तयार असे. पण हा मुद्दा वादात त्यांनी कधी काढला नाही, आणि दादासाहेबांच्याही तो ध्यानात आला नाही.

मग दर रविवारी चर्चमध्ये टक्कर. पुरुषांच्या बाजूने दादासाहेब ‘पहाट’ म्हणून आवाज चढवायचे, बायकांच्या बाजूने सरूबाई ‘वाट’ म्हणून त्याहून वर जायच्या. पाळक मान खाली घालून हसायचे. सरूबाई गेल्याला आता वर्ष होत आले होते. तेव्हापासून दादासाहेब चर्चमध्ये नुसते उभे राहत, हे गाणे लागले की तोंड उघडत नसत.

“तिच्याम्होरं माझं काय चाललं न्हाई,” ते तनुजाला म्हणाले. “पर छापल्यावर कायमचं ऱ्हातं. पहाटच छाप.”

“बरं. तुमचं गाणं, तुमचा शब्द.” तनुजाने कागदावर खूण केली. तिचा चेहरा जरा उतरला, पण ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. “फक्त धृपद एकदा म्हणून दाखवा. स्वल्पविराम कुठे द्यायचा ते बघते.”

दादासाहेबांनी घसा खाकरला. आवाज थोडा बसला होता, पण चाल पक्की होती. ‘चालून थकले पाय’ झाले, घाट झाला, ‘रात्र सरेल’ आले. ‘प्रभू माझा’पाशी त्यांनी छाती भरून घेतली आणि जुन्या सवयीने आवाज चढवला.

“करील पहाट!”

दार घट्ट बसले आहे समजून जोर लावावा आणि ते उघडेच असावे, तसे त्यांचे झाले. समोरून काहीच आले नाही. शब्द एकटाच खोलीत घुमला. इतकी वर्षे हाच शब्द असा निर्वेध म्हणायला मिळावा म्हणून ते भांडले होते. आता मिळाला, आणि त्यांना तो सोसेना. या घरात चुकीचे म्हणणारे माणूसच उरले नव्हते.

तनुजा कागदावर स्वल्पविराम देत होती. “झालं काका. दुसरं कडवं?”

दादासाहेबांनी तिच्या हातातले पेन घेतले आणि कागद आपल्याकडे ओढला.

“ह्ये खोडायचं,” ते म्हणाले.

“काय?”

“करील पहाट. तिचं लिव.”

“काका, पण आत्म्याने दिलेला शब्द ना तो?”

“दिलेला हाय, त्यात वाद न्हाई.” त्यांनी त्या ओळीवर पेनचे टोक टेकवले. “पर रातपाळी व्हती गं. शेजारी कॉम्प्रेसर चालू. माझ्याबी ऐकन्यात चूक झाली आसंल.”

तनुजाला हसू आले आणि त्याच वेळी डोळेही भरले. ती म्हणाली, “द्या इकडे, मी कॉम्प्युटरवर बदलते. कागदावर खोडायची गरज नाही.” तरी दादासाहेबांनी आपल्या हातानेच त्या दोन शब्दांवर सरळ रेघ मारली.

“आणि खाली नाव? तुम्हा दोघांचं लिहू?”

“कुनाचंच नको. ती म्हनली आसती, येका शब्दाचं काय येवढं.”

पुस्तक आले. ज्या रविवारी चर्चमध्ये त्यावर आशीर्वादाची प्रार्थना झाली, त्याच दिवशी तनुजाने हे गाणे म्हणायला निवडले. दादासाहेबांच्या शेजारी एक नवा गडी उभा होता. जालन्याकडचा, तळेगावच्या कंपनीत नुकताच लागलेला. त्याला इथले कोणी माहीत नव्हते आणि गाणेही नवे होते, म्हणून तो पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत म्हणत होता.

पेटी सुरू झाली. वर्षभर मिटलेले तोंड दादासाहेबांनी उघडले. डोळ्यांपुढे त्यांनीच मंजूर केलेला शब्द छापलेला होता. पण जिभेला ते कोण सांगणार? बायकांच्या बाजूने ‘पाहील वाट’ आले आणि इकडून ‘करील पहाट’ जाऊन त्यावर आदळले.

जालन्याच्या गड्याने वळून पाहिले. म्हातारा माणूस, दिसत नसेल, असे त्याला वाटले.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “तुमचं चुकायलंय. ‘पाहील वाट’ हाय बगा.” आणि त्याने आपले पुस्तक त्यांच्यापुढे धरले.

“व्हय,” दादासाहेब म्हणाले. “पुस्तकातलंच बरोबर हाय.”

धृपद पुन्हा आले. गड्याने त्यांच्यासाठी शब्दाखाली बोट टेकवून ठेवले. दादासाहेबांनी त्या बोटाकडे नीट पाहिले, बायकांच्या बाजूला कान दिला, छाती भरून घेतली आणि मोठ्याने म्हणाले, “करील पहाट.”