गुरुशांतचे गार्ड आणि जहाजाचं दार

मित्रांनो, तुम्ही मला स्कूटर म्हणायला आधी कचराल. मला किक नाही, पेट्रोल नाही, मागे दुसऱ्याला बसायला जागाही नाही. ज्यांना फार चालवत नाही, त्यांनी खुर्चीत बसावं तसं बसून फिरायची, बॅटरीवरची, चार छोट्या चाकांची मी एक जुनी गाडी. सोलापुरात होटगी रोडला राहते. माझ्या दोन्ही कुशींना पाइपाचे कापलेले खरबरीत तुकडे आहेत ना, ते बघून मुलं विचारतात, "हिला अॅक्सिडेंट झाला का?" नाही रे बाळांनो. मला प्रेमाने जखडलं होतं, आणि मग जहाजावर कापावं लागलं.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. पुण्याहून मी खोक्यात बसून सोलापूरला आले. खोकं उघडल्यावर पहिलं तोंड दिसलं ते सुंदरम्माचं. मूळच्या त्या दुधनीच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकात चमकी, आणि गुडघे असे धरलेले, की भिंतीला धरून चार पावलं टाकली की बस्स. त्यांनी माझ्या सीटवर हात फिरवला आणि मुलाला विचारलं, "ही माजं ऐकंल का रे?"

"ऐकंल की अव्वा. बटण दाबलं की चालती," गुरुशांत म्हणाला. त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणतात.

अहो, काय ते दिवस! सकाळी देवळाच्या तळ्यापर्यंत, दुपारी भाजी आणायला, संध्याकाळी शेजारणीकडे. पूर्वी ज्या बाईला दारापर्यंत जायला दुसऱ्याचा खांदा लागायचा, ती आता हॉर्न वाजवत रस्त्यावरच्या म्हशी बाजूला करायची. सगळी पेठ मला ओळखू लागली. खोटं कशाला बोलू, मला थोडा माजही आला होता.

आणि मग गड्ड्याच्या यात्रेत एका मोटारसायकलवाल्याने मला घासलं. नुसता एक ओरखडा हो! पण गुरुशांतचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप. आपल्याकडची रीतच आहे, नवी गाडी घरी आली की आधी तिला लोखंडी गार्ड बसवायचा. त्याने जाडजूड पाइप वाकवला, माझ्या दोन्ही बाजूंना, सुंदरम्मांची कोपरंसुद्धा झाकली जातील इतका बाहेर काढून, वेल्डिंग करून टाकला. वर निळा रंग. दसऱ्याला त्या गार्डांना झेंडूच्या माळा. जो येईल तो म्हणायचा, "गुरुशांत, ट्रकसुद्धा भिईल की हिला!"

घरात मात्र मी चौकटींना अडकू लागले. तेव्हा काय केलं असेल या लेकाने? गवंडी बोलावला आणि न्हाणीघराचं दार रुंद करून घेतलं! सुंदरम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. "आमच्या घरात उंटावरचा शहाणा जन्मलाय बगा," त्या म्हणाल्या. पण दार रुंद झालं आणि सगळे विसरले, की आता मीच रुंद झाले आहे.

सुंदरम्मांना सत्तरावं लागलं. त्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता. नात काव्या स्टेशनाजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बुकिंगचं काम करते. एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. "अज्जी, मुंबईहून गोव्याला जहाज जातं. तीन रात्री. तुझ्या गाडीसकट जाता येईल अशी खोली असते त्यात!"

सुंदरम्मांनी एकच गोष्ट विचारली. "मला कुणी उचलणार न्हाय न्हवं?"

त्या असं का विचारत होत्या, ते मला ठाऊक होतं. वळसंगला एका लग्नात स्टेजला पायऱ्या होत्या. चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. खुर्ची कलली, लुगडं गुडघ्यावर गेलं, आणि कुणीतरी मोबाइलवर ते सगळं काढत होतं. मी खाली मांडवाच्या खांबाशी उभी होते. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. घरी येऊन माझं हँडल धरून म्हणाल्या, "आता मेल्यावरच उचला म्हणावं."

"न्हाय उचलणार अज्जी. शब्द देते," काव्या म्हणाली.

जहाज कंपनीचा अर्ज भलताच बारकाईचा होता. बॅटरी कोणती? गाडीचं वजन किती? किती पावलं चालता येतात? न्हाणीघरात आधाराच्या दांड्या हव्यात का? खाली ठळक लिहिलेलं, की अशा खोल्या मोजक्याच आहेत, दार ऐंशी सेंटिमीटर, आणि गाडी खोलीतच ठेवायची, बाहेरच्या बोळात चालणार नाही. मग प्रश्न आला, गाडीची रुंदी?

सुंदरम्मा आत शेंगा सोलत बसल्या होत्या. तिथून ओरडल्या, "टेप आणा की! मापून लिवा!"

"कंपनीच्या पुस्तकात छापलंय की अव्वा," गुरुशांत म्हणाला. त्याने कपाटातून माझं पुस्तक काढलं आणि काव्याने लिहिलं, अठ्ठावन्न सेंटिमीटर.

अठ्ठावन्न! अहो, ती मी खोक्यातून निघाले तेव्हाची! गार्डांसकट मी पंच्याऐंशीची होते! मी मेटाकुटीला आले, पण करणार काय? माझा हॉर्न बसणारीने दाबला तरच वाजतो, आणि बसणारी शेंगा सोलत होती. तिला कुणी पुढे बोलावलंच नाही. अर्ज गेला. जहाजवाल्यांनी फोन करून रुंदी पुन्हा विचारली. काव्याने त्याच आत्मविश्वासाने पुन्हा अठ्ठावन्न सांगितली.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज बघून माझी बोबडीच वळली. एवढी मोठी इमारत पाण्यावर उभी! सुंदरम्मांनी तर दोन्ही हात जोडले. उताराच्या फळीवरून आम्ही दोघी डौलात वर गेलो, मागून गुरुशांत आणि काव्या. लिफ्टमध्ये मावलो. गालिचाच्या लांब बोळातून सरळ आमच्या खोलीपर्यंत. काव्याने दार उघडलं. समोर काच, आणि काचेपलीकडे समुद्र. नुसतं पाणीच पाणी.

"अगं बाई!" सुंदरम्मांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी बटण दाबलं.

खाड्!

माझे दोन्ही गार्ड दोन्हीकडून चौकटीवर आदळले. त्यांनी मला मागे घेतलं, सरळ केलं, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खाड्. लाकडावर निळा ओरखडा उठला. काव्याने वाकून गार्डला हात लावला. "पप्पा... गार्ड," ती एवढंच म्हणाली. गुरुशांतने कपाळावर हात मारून घेतला. आणि मी? मला त्या गार्डांचा केवढा तोरा होता! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

जहाजावरची एक अधिकारी बाई धावत आली. फार अदबीने बोलत होती. तशा दुसऱ्या खोल्या भरलेल्या. गाडी खाली गोदामात ठेवू, आजींना दोघे जण व्हीलचेअरवर उचलून बसवतील, चार दिवस आमची माणसं ढकलत फिरवतील. दोन पोरगेले कर्मचारी पुढे झालेसुद्धा, हात पसरून.

सुंदरम्मांनी माझा हॉर्न दाबला. असा दाबला, की सगळा बोळ दणाणला.

"हात लावायचा न्हाय!" त्या ओरडल्या. "काव्या, तू शबुद दिला हुतास. चला. खाली उतरा. समुद्र बगितला मी. घरी चला."

काव्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. जहाज सुटायला दीड तास होता. त्या काचेतून समुद्र तसाच दिसत होता, आणि दहा पावलांवर असून सुंदरम्मा त्याच्याकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. त्यांना परत नेणारी मीच. एवढं दुःख मला कधी झालं नाही.

मग गुरुशांत त्या बाईला म्हणाला, "मॅडम, करवत मिळंल का? लोखंड कापायची."

बाई दचकली. जहाजात ठिणगी उडवायची नाही, हत्यारं चालवायची नाहीत. पण तिने सुंदरम्मांकडे पाहिलं, फोन केला, आणि जहाजाचा मिस्त्री हातकरवत घेऊन आला. सुंदरम्मा भिंत धरून स्वतःच्या चार पावलांनी शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मिस्त्री वाकला, तर गुरुशांतने त्याच्या हातातून करवत काढून घेतली. "मी जोडलंय. मीच कापतो."

खाली चादर अंथरली. एकेका बाजूला चार जोड. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला, तळहाताला फोड आले. "अव्वा, लई मजबूत जोडलंय की गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग काप. आवर," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

मला दुखलं का? खूप दुखलं. पण आठवा जोड तुटला आणि ते निळं लोखंड चादरीवर पडलं, तेव्हा इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सुंदरम्मा भिंत धरत आल्या, बसल्या, बटण दाबलं. कुठेही न घासता मी आत गेले. काचेपाशी न थांबता त्यांनी आधी मला न्हाणीघराकडे वळवलं. आत नेलं, दार लावलं, कडी घातली आणि आतून ओरडल्या, "कुणी यायचं न्हाय हां!" मग भिंतीतली दांडी धरून, माझ्या हँडलवर डोकं टेकून, त्या पोटभर रडल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा जहाज सुटलं होतं, आणि पुढचे तीन दिवस त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हत्या.

मित्रांनो, आता माझी बॅटरी लवकर दमते. पाइपाचे तुकडे घासून गुळगुळीत करून देतो म्हणून गुरुशांत मागे लागतो, पण सुंदरम्मा ऐकत नाहीत. "ऱ्हाऊ दे. ध्यानात ऱ्हातंय," म्हणतात. काव्याच्या पर्समध्ये हल्ली मोजायची टेप असते. कुणाच्या आईवडिलांसाठी अशी खोली बुक करायची असली, की ती आधी त्यांच्या घरी जाते. पुस्तक बघत नाही, मुलाला विचारत नाही. गाडीवर बसलेल्या माणसासमोर खाली बसते आणि टेपचं एक टोक त्याच्याच हातात देते.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिला पुसा, चार्ज करा, हवी तर माळ घाला. पण तिच्याबद्दल काही ठरवायचं झालं, तर आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलेल्या माणसाला आधी हाक मारा. आमचा हॉर्न त्याच्याच हाताने वाजतो रे.