खालची बांधी

खड्ड्यात पुन्हा पाणी भरले. धुरपताने डब्याने ते उपसले, टोपलेभर गाळ वर फेकला, आणि कंबर सरळ करीपर्यंत पाणी परत पोटरीला लागले. पाऊस सकाळीच थांबला होता. खड्ड्याभोवती तिने मातीची उंच कड घातली होती, पण त्या कडेखालून, घाम फुटावा तसे पाणी सुटत होते. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्याच्या पातळीला आले की आपोआप थांबत होते.

बांधीच्या वरच्या अंगाला झोपडी होती. दारात चटईवर, धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला तेजराम होता. तिचा नवरा. पहाटे गेला. नदीला पूर होता, एसटी बंद होती, साकोलीच्या मिशनात निरोप पोचण्याची सोय नव्हती. दुपार कलत चालली होती. आज मातीआड व्हायलाच हवा होता.

धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, तिची थोरली जाऊ वच्छला उभी होती. तिच्या मागे, तोंड दुसरीकडे करून, जागेश्वर. तेजरामचा मोठा भाऊ, म्हणजे धुरपताचा भासरा. भासऱ्याशी तोंड उघडून बोलायचे नाही, ही रीत धुरपताने लग्नापासून पाळली होती. त्यामुळे दोघांच्या मध्ये उभे राहून वच्छला बोलत होती, आणि ऐकत तिघेही होते.

"हे म्हनून रायले, का कोठ्यात वाळली लाकडं हायेत," वच्छला म्हणाली. "चार खांदे आनतो म्हनतेत. सारा गाव मातीले येईन. कायले चिखलात मरून रायली वं?"

जाळायचे असले तरी इकडे मयताला जाण्याला 'मातीले जाणे'च म्हणतात.

"सांगा त्यायले बाई, लई उपकार झाले," धुरपता म्हणाली. "पन तुमच्या देराले जाळाचं नाही."

"इचार तिले," जागेश्वर दूरच्या झाडाकडे पाहत म्हणाला. "आमचा बाप जळला, आजा जळला. हाच कोन लागून गेला?"

धुरपताने डबा खाली बुडवला.

तेजरामला रक्तपिती झाली, तेव्हा गावाने त्याला बाहेर काढले होते. शेतावरची ही झोपडी जागेश्वरनेच बांधून दिली. भाकरीही तोच आणायचा. धुऱ्यावर ठेवून हाक मारायचा आणि भाऊ बाहेर येण्याआधी पाठ फिरवायचा. पुढे तेजराम मिशनच्या दवाखान्यात गेला. परतला तेव्हा रोग बरा झाला होता. हातांची बोटे अर्धीच उरली होती, आणि देव बदलला होता. गावाने एक वेळ रोग माफ केला असता.

धुरपतानेही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, तिला कोणी बोलावले नाही, तिच्या बांधीत कोणी उतरले नाही. ज्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा तापाने गेला, त्या हिवाळ्यात गाव म्हणाला, देवी कोपली. मुलगा गेला त्या संध्याकाळीही तेजराम येशूचे गाणे म्हणायला बसला होता. धुरपता ओरडली होती, "कोनासाठी गाऊन रायले? तो आयकते काय?" तो म्हणाला होता, "आयकत नसन तर मी मंग कोनावर चिडू?"

तिचा विश्वास हा असा होता. तेजराम पुढे चालायचा आणि ती त्याच्या मागून चालायची. आज पुढे कोणी नव्हते.

"काय वं, निंगालं का पानी?" श्यामराव पाटील धोतर वर खोचून बांधावरून येत होते. "आधीच सांगून ठेवतो. तलावाच्या पाळीवर गाडू देनार नाही. ढोरं बसतेत त्या आखरावर नाही. गावाची जागा हाये ते."

"मागतली नाही मी, पाटील. माह्याच बांधीत खांदून रायली."

"मंग तुह्या येशूले सांग ना पानी आटवाले."

"सांगतलं."

"काय म्हने?"

"अजून काई बोलला नाही."

वच्छलाच्या ओठांवर हसू आले आणि तिने पदर तोंडाला लावला. श्यामरावांना ते आवडले नाही.

"जाळून टाक ना वं बाई," ते आवाज उतरवून म्हणाले. "एक डाव म्हन का तो आमचाच होता. उद्यापासून बाया तुह्या रोवण्याले येतीन. कोनी मागचं काढनार नाही. तो मेला, त्याले काय समजनार हाये?"

हे खरे होते. धुरपताला ते खरे वाटले, म्हणूनच तिचे हात थांबले. वाळलेली लाकडे. चार खांदे. उद्या बांधीत बायांचे बोलणे. आणि हे चिखलाचे पाणी, जे रात्रीपर्यंत उपसले तरी तेवढेच राहणार होते.

पाणी काढायचा एकच मार्ग होता. तो धुऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणी बोलत नव्हते. ही बांधी उताराला होती. खालच्या अंगाचा धुरा फोडला की पाणी खालच्या बांधीत जाणार आणि घडीभरात खड्डा कोरडा पडणार. पण खालची बांधी जागेश्वरची होती. कालच तिथे रोवणा झाला होता. भाताच्या कोवळ्या रोपांनी, पऱ्ह्यांनी, अजून मूळ धरले नव्हते. लोंढा गेला की सगळे उपटून तरंगणार.

धुरपता खड्ड्यातून वर आली. कुदळ घेऊन खालच्या धुऱ्यापर्यंत गेली. धुरा ओला, मऊ होता. दोन घाव पुरले असते. तिने कुदळ उचलली, आणि खाली टेकवली.

तेजरामसोबत रोज म्हटलेली प्रार्थना आठवायचा तिने प्रयत्न केला. आमच्या बापा, एवढे आले. पुढची ओळ येईना. 'इथपासून पुढं मले येत नाही,' ती मनात म्हणाली. 'पुढचं तू पाह्य.'

मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वळली.

"भासरेबुवा."

वच्छला दचकली. जागेश्वरची पाठ ताठ झाली, पण तो वळला नाही.

"ते म्हनत जाये, मले मातीतच ठेवजो, एक दिवस उठायचं हाये. अर्धी बोटं आगुदरच गेली, उरलं ते तरी जपून ठेवजो, धुरपता. मंग सारी बोटं परत भेटतीन, अन् म्या पह्यले दादाच्या बांधीत रोवणा लावीन." तिने श्वास घेतला. "असं म्हनत अन् हासत. मले येवढं समजत नाही. पन मी हो म्हनलं हाये त्यायले."

खड्ड्यात कुठून तरी एक बेडूक पडला.

"तुमी भाकर ठेवाचे, तवा वरतून पळसाचं पान झाकाचे. दादा दुरून देते, पन भाकरीवर पानी पडू देत नाही, ते म्हनत. हा धुरा मी फोडत नाही. खाली तुमचं धान हाये. तुमी सांगसान तसं."

"जागेश्वर," श्यामराव म्हणाले, "धुरा फोडशीन तर इचार करून फोड. तुह्या बांधीतबी मंग कोनी उतरनार नाही."

जागेश्वर वळला. भावाच्या बायकोकडे त्याने पाहिले नाही. तिच्याजवळून गेला, तिच्या हातांनी ओली झालेली कुदळ दांड्याला धरून उचलली, आणि धुऱ्यावर घातली. एक. दोन. तिसऱ्या घावाला पाणी फुटले.

आवाज करीत ते खाली उतरले. पहिल्या ओळीतली पऱ्हे वाकली, मग दुसऱ्या ओळीतली उपटली, मग मोजता येणार नाही इतकी हिरवी पाती पाण्यावर फिरत पलीकडच्या धुऱ्याला जाऊन लागली. वच्छला कपाळाला हात लावून पाहत राहिली.

"डोकं फिरलं ह्या घराचं," श्यामराव म्हणाले. मग आल्या वाटेने गेले.

वरच्या बांधीत पाणी उतरून चिखल उघडा पडला. जागेश्वर खड्ड्यात उतरला आणि उरलेला गाळ काढला. खड्ड्यात पाणी परत आले नाही. तेव्हा तो झोपडीकडे गेला. दारात थबकला. इतक्या वर्षांत तो या दाराच्या इतका जवळ आला नव्हता. धोतरातून तेजरामचा एक हात बाहेर आला होता. जागेश्वरने तो हातात घेतला, आखूड बोटांवरून अंगठा फिरवला आणि आत सरकवून धोतर नीट केले. मग खांद्याखाली हात घालून त्याला उचलले. पायांकडून धुरपताने आणि वच्छलाने धरले.

"मी जाळाले नाही आलो," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "मातीले आलो."

धुरपताने प्रार्थना म्हटली. मधली एक ओळ तिला आठवली नाही. ती तिथे थांबली, कोणी म्हणेल अशी वाट पाहिल्यासारखी थांबली, आणि पुढची म्हटली. जागेश्वरने मूठभर चिखल घेतला. तो हाताला चिकटून राहिला. त्याने हात झटकला नाही, पुसून पुसून तो खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी जागेश्वरच्या बांधीत रोवण्याला कोणी आले नाही. धुऱ्याला लागलेली पऱ्हे त्याने आणि वच्छलाने सकाळीच वेचली होती. मोडली नव्हती ती धुऊन, त्यांच्या पेंड्या बांधून ठेवल्या होत्या. वच्छला एकटीच वाकून लावत होती. एवढ्या मोठ्या बांधीत तिची ओळ लहान दिसत होती.

धुरपता झोपडीतून बाहेर आली. ताज्या मातीजवळ थोडी उभी राहिली. मग लुगडे खोचले आणि फोडलेल्या धुऱ्यावरून खाली उतरली.

"तुले आज काम कराचं नसते वं," वच्छला मान वर न करता म्हणाली.

"पऱ्हे थांबनार हायेत काय, बाई?"

वच्छला डावीकडे हातभर सरकली आणि उजवीकडे जागा मोकळी झाली.

रोवण्यात पुरुष धुऱ्यावरून पेंड्या फेकतात, प्रत्येकीच्या पुढ्यात एक. जागेश्वरने एक पेंडी उचलून फेकली. ती वच्छलाच्या पुढे पडली. त्याने दुसरी उचलली, हातात धरून नीट तोलली. ती धुरपताच्या पुढ्यात, हाताला येईल अशी पडली.