सातच्या आधी

पहाटे पाच ते सात इद्वलच्या वाटेला जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितला आणि मी शहाणी, मान डोलावून मोकळी झाले. म्हटलं, दोनच तर तास, दारू पिणाऱ्यापेक्षा बरा. एकतीस वर्षं झाली त्याला.

स्वयंपाकघरामागे दुधाची जुनी खोली आहे, दोन फूट जाड दगडी भिंतींची. तिथे तो बसायचा. आमच्या वेल्समधली छंदातली कविता म्हणजे दगड फोडण्याचं काम. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात व्यंजनं ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ती दुसऱ्या अर्ध्यात यावी लागतात, आणि एवढं करून ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणूस आपला सहज बोलतोय. एकेका ओळीला तीन-तीन आठवडे जायचे. बोटांनी टेबलावर टकटक करत मोजायचा, खोडायचा, पुन्हा मोजायचा. मेंढ्या विण्याच्या दिवसांत माणसाला जेवायला फुरसत नसते, तेव्हा हा बाबा तीनला उठून आधी गोठा बघायचा, पण पाचला बसायचाच.

गावच्या काव्यस्पर्धेत पहिल्या कवीला ओकची खुर्ची मिळते. इद्वल दर वर्षी कविता पाठवायचा आणि दर वर्षी दुसराच कोणी त्या खुर्चीत बसायचा. मी म्हणायचे, "एवढ्या वर्षांत सुतारकाम शिकला असतास तर घरात डझनभर खुर्च्या झाल्या असत्या." तो हसायचा. तेव्हा हसायचा.

आमची लुनेद एकुलती एक. आठ वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या ओळी तपासायची. "बाबा, तुझा र पळाला," असं म्हणायची, आणि खरंच र राहिलेला असायचा. मास्तर, पाद्री, कुणाच्या लक्षात यायचं नाही ते तिच्या कानाला खटकायचं. मला त्या भानगडीतलं ओ की ठो कळत नाही. पुढे ती नर्स झाली, जिल्ह्याच्या इस्पितळात लागली. मग ही तपासणी रविवारच्या फोनवर चालायची. फोनचं बिल कोण भरतंय याची दोघांनाही फिकीर नसायची.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी सकाळी सहा वीसला फोन वाजला. मी पीठ मळत होते, धावत गेले. रात्रपाळी संपवून लुनेद वॉर्डातून बोलत होती. "आई, बाबांना दे ना. दोनच मिनिटं."

"घड्याळ बघितलंस का? सात वाजल्यावर कर."

ती आणखी काही बोलत होती, पण मी तिला फार बोलू दिलं नाही. हाताला पीठ होतं माझ्या. शेवटी ती हसली. "बरं बाई. मग घरीच येऊन सांगते." आणि ती गाडी घेऊन निघाली. घाटात धुकं होतं. पावणेसातला वळणावर दुधाच्या टँकरने तिला धडक दिली. दोनच मिनिटं तिला बापाशी बोलू दिलं असतं, तर टँकर ते वळण उतरून गेला असता. पोरीला मी मारलं, असं मी रोज म्हणते. मनातच म्हणते.

इद्वलला मी त्या फोनचं सांगितलं नाही. त्याच्या त्या दोन तासांपायी पोर गेली हे त्याला कळलं असतं तर तो जगला नसता. आणि खरं सांगायचं तर, मी फोन ठेवला हेही त्याला कळू द्यायचं नव्हतं. तो पाचला उठत राहिला. दार लावून बसत राहिला. मला त्या दाराचा इतका संताप यायचा की एकदा कुऱ्हाड हातात घेऊन उभी राहिले होते.

या वर्षीची स्पर्धा परवाच्या शनिवारी झाली. दुपारी अख्खं गाव सभागृहात. कवी टोपणनावाने कविता पाठवतात, खरं नाव बंद पाकिटात. परीक्षक निकाल सांगतो, टोपणनाव पुकारतो, आणि ज्याचं असेल त्याने गर्दीतून उभं राहायचं. तीनदा पुकारूनही कोणी उठलं नाही तर खुर्ची रिकामी राहते, पाकीटही उघडत नाहीत. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

परीक्षक म्हणाला, "मुलीवरची ही कविता वाचून मी पाच मिनिटं चष्मा पुसत बसलो." मग त्याने ओळी वाचल्या. त्या सकाळी घरात फोनची घंटा वाजली नाही, असं त्यात होतं. तू न सांगता गेलीस, एकदा हाक मारली असतीस तर मी धावत आलो असतो, असं होतं. माझ्या मागे बायका मुसमुसायला लागल्या. बिचारा हे धरून बसलाय, आणि उद्या गावातली पोरं माझ्या लबाडीच्या या ओळी पाठ करणार.

"'आतला' या नावाने लिहिणाऱ्याने उभं राहावं."

इद्वल हलला नाही. कविता कुणाची, याची शेजारच्या बेतीला शंका आलीच होती. तिने मला कोपर मारलं. "अगं, उठव की त्याला. लाजतोय वेडा."

"ऊठ," मी म्हटलं. "एकतीस वर्षं थांबलायस याच्यासाठी."

"'आतला'," परीक्षकाने दुसऱ्यांदा पुकारलं.

इद्वल माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "फोन वाजलेला मला ऐकू आला होता, नेस्ता."

मला वाटलं, बाकासकट खाली चाललेय मी.

"ती भिंत तेवढी जाड नाही. तिचाच फोन, हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. एका ओळीवर अडलो होतो महिनाभर. त्या सकाळी अर्धी बसली होती. उठलो तर जाईल म्हटलं. म्हटलं, तू घेशील."

"मग हे असं का लिहिलंस?"

"खरं लिहून बघितलं. रोज बघितलं. नाही जमत मला. आणि पाठवल्यावर वाटलं, या खोट्याला ते खुर्ची देणार नाहीत."

तिसऱ्यांदा पुकारलं. सगळे माना वळवून बघत होते. इद्वलने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. परीक्षक थोडा थांबला, कागदाची घडी करून खाली बसला, आणि लोक गोंधळून कुजबुजायला लागले. मी इद्वलचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा धरला.

"काय म्हणाली होती गं ती?" त्याने विचारलं.

खोटं रचायला मला दोन वर्षं मिळाली होती. पण आमच्या घरात आता आणखी खोटं मावलं नसतं.

"तुझी अडलेली ओळ तिला जमली होती. रात्रभर वॉर्डात घोळवत होती म्हणे."

"कशी होती?"

"मी विचारलंच नाही रे," मी म्हटलं.