नाकाचं माप

झोपली की तिचं नाक वाजायचं, म्हणून घरात तिला शिट्टीच म्हणत. सतराव्या वर्षी शाळेत चारशे मीटरला पहिली आली, पण तोंडाचा आ वासून! नाकाने श्वास घेणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणं.

आई-बाबा दूर गावी, म्हणून शिट्टी आत्याकडे राहायची. आत्याचं शिवणाचं दुकान आणि घर एकच. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन हा शब्द उच्चारला मात्र, आत्याचं बोट शिट्टीच्या नाकावरच्या उंचवट्यावर.

“उसवायचंच आहे तर लगे हात हेही आत घ्या. दोनदा कशाला टाके?”

“आत्या, हे नाक आहे. गिऱ्हाइकाचा कोट नाही!”

“गप गं. डॉक्टर, सुट्टीतच उरकून टाका.”

शिट्टी ताडकन उठली. “नाक माझं, आणि माप तुम्ही ठरवणार? मला श्वास हवाय. तो ऑपरेशनने मिळेल का, एवढंच सांगा.”

“आता कामाचं बोललीस!” डॉक्टरबाईंनी पडद्यावर नाकाच्या आतलं चित्र दाखवलं. मधली भिंत उजवीकडे वाकलेली, आणि दोन्हीकडे आतून टम्म सूज. “नाकात काही घालतेस?”

“थेंब. सकाळ-संध्याकाळ, आठ महिने. आत्या घालते.”

“चार दिवसांचं औषध आठ महिने?”

“मोकळं व्हायचं हो तिचं,” आत्या पुटपुटली.

“आणि मग दुप्पट चोंदायचं. थेंब बंद. मिठाच्या पाण्याने धू, हा फवारा मार. सूज उतरून वाट मोकळी झाली तर ऑपरेशन कशाला? भिंतच अडवत असेल तर करू. आकाराचं ऑपरेशन वेगळं. ते हिने मागितलं तरच.”

रस्त्यात आत्या फुरंगटूनच चालत होती. “तुला काय कळणार! याच नाकापायी मी शाळेत किती टोमणे खाल्ले.”

“मग टोमणे मारणाऱ्यांची तोंडं शिवायचीस ना! नाक का कापायला निघालीस, तेही माझं?”

आत्याला हसू फुटलं, ते तिने खोकून लपवलं.

पहिले आठ दिवस शिट्टी गुदमरली, रडली. एकदा तर आत्याच थेंबांची बाटली घेऊन आली. “एकच टाकते गं, बघवत नाही मला.” शिट्टीने दार लावून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात डावी नाकपुडी उघडली. उजवी मात्र ढिम्म.

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा आत पाहिलं. “सूज गेली. आता अडवतेय ती भिंतच. ऑपरेशनचा फायदा होईल, पण तू जन्मभर झुळझुळ वाऱ्यासारखा श्वास घेशील, असं वचन मी देणार नाही. विचार करून सांग.”

आई-बाबा फोनवर हो म्हणाले होते. आत्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि शिट्टीकडे पाहिलं.

“केलाय विचार,” शिट्टी म्हणाली. “भिंत सरळ करा.”

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढून शिट्टीला विचारलं, “आणि बाहेरचा आकार?”

“त्याला काय धाड भरलीय?”