एकच बरोबरचं चिन्ह

जपानमधल्या नागानोच्या डोंगरात रोपवेची चाचणी चालू होती. पाळणा दार उघडं असतानाच निघाला आणि आतलं वाळूचं पोतं दरीत कोसळलं. पाळणा चालवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम चिझुरूने लिहिला होता. उद्यापासून त्यात माणसं बसणार होती.

तिचे वरिष्ठ मोरिवाकीसाहेब शेजारी येऊन बसले. "स्क्रीनवरची ही ओळ वाच बघू."

"दार बंद असेल, तर निघ."

"इथे बरोबरचं चिन्ह एकच आहे, दोन हवीत. एकाने तू दाराला विचारत नाहीस, ते बंद आहे असं ठरवूनच टाकतेस."

चिझुरूने दुसरं चिन्ह घातलं, दार उघडंच ठेवलं आणि बटण दाबलं. पाळणा जागचा हलला नाही. तिने मोठा श्वास सोडला.

"आता चार घास खा," साहेब म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहेस."

तिने डबा उघडला.